जुन्या पिकअपच्या हौद्याला कवच कोणते?

दुरुस्तीनंतर गाडी बाहेरून नव्यासारखी चमकते. ती पुढे किती वर्षे टिकणार, हे मात्र हौद्याच्या पत्र्यावर ठरते. साधा रंग, रबर, लाकूड की फवाऱ्याने बसवायचे आधुनिक कवच? झाशी आणि बुंदेलखंडाची हवा व तिथला माल लक्षात घेऊन केलेली ही पाहणी.

झाशीचे नाव निघाले की मराठी घरात नेवाळकरांचे घराणे आणि राणी लक्ष्मीबाई आठवते. १७४२ मध्ये पेशव्यांचे सुभेदार म्हणून नारोशंकर येथे आले. त्या काळापासून बुंदेलखंडात स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांपैकी काही आजही या शहरात आहेत. परंतु आज रस्त्याने झाशीत शिरणाऱ्याला किल्ल्याच्या आधी दिसतात त्या मालमोटारी. श्रीनगरहून कन्याकुमारीला जाणारा राष्ट्रीय महामार्ग ४४ आणि पोरबंदरहून सिलचरला जाणारा महामार्ग २७ झाशीजवळच एकमेकांना छेदतात. बुंदेलखंडी ग्रॅनाइटची गिट्टी, बेतवेची वाळू, बरुआसागरचे आले, मटार, सिमेंट आणि खताची पोती यांची सतत ये-जा चालू असते. मोठ्या मालमोटारीला जे परवडत नाही, ते काम छोटी पिकअप करते.

अशा गावात जुनी पिकअप सहसा भंगारात जात नाही. कोणाच्या वडिलांनी तिच्यावर धंदा उभा केलेला असतो, कोणी लिलावात स्वस्तात घेतलेली असते. १९८८ मध्ये टेल्कोने आणलेली टाटामोबाइल २०६, बजाज टेम्पोची मॅटॅडोर, महिंद्रच्या जीपवर बांधलेल्या पिकअप, किंवा जबलपूरला लष्करासाठी तयार झालेली आणि पुढे लिलावातून नागरिकांच्या हाती आलेली जोंगा, या गाड्यांवर जीव असणारी मंडळी आजही आहेत. इंजिन उतरवून बांधले जाते, गिअरबॉक्स दुरुस्त होतो, गाद्या नव्या येतात, बाहेरून रंगाचा हात फिरतो. आणि मग शेवटी, खिसा बराच हलका झाल्यावर, मिस्त्री विचारतो, "डाल्याचं काय करायचं?" आपण मराठीत ज्याला हौदा म्हणतो, त्याला तिकडे डाला म्हणतात.

या प्रश्नाचे उत्तर बहुधा घाईत दिले जाते. "मारून टाका काळा रंग" असे म्हणून गाडी घरी येते, आणि दुसऱ्या पावसाळ्यात रंगाचे पोपडे उडू लागतात. काही जण उलट करतात. शहरात पाहिलेले महागडे कवच ऐकीव माहितीवर बसवून घेतात आणि त्याच्याखाली पत्रा कुजत राहतो. दोन्हीकडे पैसा वाया जातो. ज्या कुटुंबाची रोजची मिळकत या गाडीवर आहे, त्याला हा फटका सोसणारा नसतो.

गंज येतो कोठून?

लोखंड, पाणी आणि हवेतला प्राणवायू एकत्र आले की गंज तयार होतो. यांपैकी एकाला जरी दूर ठेवले तरी गंज थांबतो. बाजारातली सर्व कवचे याच तत्त्वावर चालतात. पत्रा आणि पाणी यांच्यामध्ये ती एक पडदा धरतात.

गंजाचा स्वभाव मात्र लक्षात घ्यायला हवा. ज्या लोखंडापासून गंज बनतो, त्याच्या कितीतरी पट जागा तो व्यापतो. त्यामुळे कवचाखाली चिमूटभर गंज राहिला तरी तो फुगतो, कवच वर उचलतो, त्या फटीतून आणखी पाणी आत शिरते आणि चक्र सुरू होते. वरून पाहणाऱ्याला बराच काळ पत्ता लागत नाही.

कोकणात खारी हवाच पत्रा खाते. झाशीची हवा वर्षाचा मोठा भाग कोरडी असते, पाऊस मुख्यतः जून ते सप्टेंबर या काळात पडतो. त्यामुळे येथे गंजाचे पहिले कारण हवेपेक्षा मालात सापडते. ओली वाळू, आल्याबरोबर आलेली माती, गुरांचे मूत्र आणि सर्वांत वाईट म्हणजे सांडलेले खत. खताचे दाणे हवेतला ओलावा ओढून घेतात आणि कोपऱ्यात खारट ओल धरून बसतात. कोरड्या ऋतूतही त्या जागी पत्रा ओलाच राहतो. म्हणून हौद्याचे चारही कोपरे, चाकावरच्या कमानीची मागची बाजू, मागच्या फाळक्याच्या बिजागऱ्या आणि तळाखालच्या आडव्या पट्ट्या या जागा आधी कुजतात. तळाच्या मधोमध चमकणारा पत्रा पाहून "माल चांगला आहे" असे समजू नये.

आधी ठोकून पाहा

कवच निवडण्याआधी पत्रा ओळखायचा. त्यासाठी यंत्र लागत नाही, एक छोटी हातोडी आणि एक जुना पेचकस पुरतो. हौदा रिकामा करून झाडून घ्या आणि दर वीतभर अंतरावर हलकेच ठोका. निरोगी पत्रा खणखणीत वाजतो, कुजलेला बद्द आवाज करतो. शंका वाटेल तेथे पेचकसाचे टोक दाबा. ते आत गेले तर तेथे कोणतेच कवच उपयोगाचे नाही. तो तुकडा कापून त्याच जाडीचा नवा पत्रा वेल्ड करून बसवावा लागेल.

नंतर गाडीखाली शिरून पाहा. तळाचा पत्रा ज्या पट्ट्यांना जोडलेला असतो, तेथे दोन पत्र्यांच्या मध्ये पाणी साचते. तेथून तांबूस पापुद्रे गळत असतील तर रोग आत आहे. पुष्कळ ठिकाणी कुजलेल्या तळावरच दुसरा पत्रा ठोकून देतात. काम एका दिवसात होते, स्वस्तही पडते. पण दोन पत्र्यांमध्ये पाण्याला कायमचे घर मिळते आणि खालचा पत्रा दुप्पट वेगाने जातो.

मूळ गाडीच्या तळाला पाणी निघून जाण्यासाठी छोटी भोके असतात. वर्षानुवर्षांच्या मातीने आणि पुट्टीने ती बुजलेली असतात. ती शोधून मोकळी करा. नव्या कवचाखाली ती पुन्हा बंद होणार नाहीत, हे मिस्त्रीला बजावून सांगा. पाण्याला वाट असलेला साधा रंगाचा हौदा, पाणी साचणाऱ्या महागड्या हौद्यापेक्षा जास्त टिकतो.

वाघिणींचा धडा

झाशीकरांना हा धडा घ्यायला लांब जावे लागत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस येथे उभा राहिलेला रेल्वेचा कारखाना आजही मालगाडीच्या वाघिणी दुरुस्त करतो. वाघीण म्हणजे एका अर्थाने मोठ्या आकाराचा हौदाच. कोळशात गंधक असते. कोळसा भिजला की त्यातून निघणारे पाणी किंचित आम्ल होते आणि वाघिणीचा तळ व बाजूंचा खालचा भाग खाऊन टाकते. वरून कोळसा आदळतो, खालून यंत्राने उपसला जातो, त्यामुळे साधा रंग तेथे फार टिकत नाही.

यावर रेल्वेने शोधलेला उपाय रंगाच्या डब्यात नव्हता. आधी गंजाला तोंड देणारे तांबेमिश्रित पोलाद वापरात आले आणि पुढे नव्या वाघिणींसाठी क्रोमियम असलेले स्टेनलेस पोलाद. आपल्याला पिकअपचा हौदा स्टेनलेसचा करणे परवडणार नाही. परंतु क्रम तोच ठेवता येतो. आधी पत्रा, मग पाण्याची वाट आणि शेवटी वरचे कवच.

गाडी कामाची की कौतुकाची?

कवच निवडताना दुसरा प्रश्न स्वतःला विचारायचा. ही गाडी माल वाहणार आहे की रविवारी बाहेर काढायची आहे?

हा प्रश्न कागदपत्रांशीही जोडलेला आहे. २०२१ मध्ये केंद्र सरकारने जुन्या, ऐतिहासिक वाहनांसाठी स्वतंत्र नियम केले. पहिल्या नोंदणीला ५० वर्षांहून अधिक काळ झालेली आणि चासी, बॉडी, इंजिन यांत मोठे फेरफार न झालेली दुचाकी व चारचाकी वाहने यात येतात. त्यांच्या क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे असतात. पण अशी गाडी धंद्यासाठी वापरता येत नाही. प्रदर्शन, रॅली, इंधन भरणे, दुरुस्ती अशा मोजक्याच कारणांसाठी ती रस्त्यावर आणता येते. अशी नोंदणी करायची असेल तर हौद्यात जाड काळे कवच बसवू नये. मूळ रंग, मूळ लाकडी फळ्या किंवा मूळ पत्रा हेच तिचे मोल.

माल वाहणाऱ्या गाडीचे गणित वेगळे. आठ वर्षांहून जुन्या व्यापारी वाहनाला दर वर्षी फिटनेस घ्यावा लागतो आणि तेव्हा बॉडीची अवस्थाही पाहिली जाते. बाहेरचा रंग बदलला असेल तर आरसीमध्ये नोंद करून घ्यावी. माल जास्त मावावा म्हणून बाजूचे पत्रे उंच करणे हा नियमाबाहेरचा फेरफार आहे, मग कवच कितीही चांगले असो.

पर्याय एकेक करून

साधा रंग. रेड ऑक्साइडचा हात आणि वर एनॅमल ही गॅरेजमधली जुनी रीत. स्वस्त, सर्वत्र मिळणारी, आणि खरचटले तर घरीही दुरुस्त करता येणारी. रेड ऑक्साइड मात्र एकटा सोडू नये. तो ओलावा शोषतो. "सध्या प्रायमर मारून ठेवू, रंग दिवाळीला देऊ" असे म्हणून पावसाळा काढला तर त्या प्रायमरखालीच गंज धरतो. अशा रंगाचे सर्व थर मिळून जाडी मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपास असते. खोकी, भाजी, घरगुती सामान यांना तेवढी पुरते. गिट्टीची पहिली खेपच तो खरवडून काढते.

इपॉक्सी आणि पीयू. इपॉक्सी प्रायमर दोन डब्यांतले द्रव एकत्र करून लावतात. तो पत्र्याला घट्ट धरतो आणि पाणी आत येऊ देत नाही. पण उन्हात तो भुरभुरीत होतो. मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे जाणाऱ्या झाशीत त्याला उघडे ठेवणे चुकीचे. वर पॉलियुरेथेनचा, म्हणजे गॅरेजच्या भाषेत पीयूचा थर हवाच. साध्या रंगापेक्षा खर्च जास्त, पण पुढचे कोणतेही जाड कवच बसवायचे असले तरी पाया म्हणून ही जोडी उत्तम.

ब्रशने किंवा रोलरने लावायचे खरखरीत कवच. हे बहुधा पीयूच असते. काहींत रबराचे बारीक कण मिसळलेले असतात, काही साध्या कॉम्प्रेसरच्या गनने फवारता येतात. जाडी अर्ध्या ते एका मिलिमीटरपर्यंत येते. पृष्ठभाग खडबडीत झाल्याने पोती घसरत नाहीत. दुरुस्तीही सोपी. खराब झालेली जागा घासून त्यावर नवा हात देता येतो. भाजी, दुधाच्या कॅन, सिमेंटची पोती असा मिश्र माल नेणाऱ्या गाडीला हा मधला मार्ग बहुधा योग्य ठरतो. खरखरीतपणामुळे त्यात माती अडकते, त्यामुळे हौदा पाण्याने धुण्याची सवय मात्र लावून घ्यावी लागते.

फवाऱ्याचे जाड कवच. अमेरिकेत पिकअप घरोघरी. तेथे १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून हौद्यात पॉलियुरेथेन आणि पुढे पॉलियुरिया फवारण्याचा मोठा धंदा उभा राहिला. दोन रसायने तापवून मोठ्या दाबाखाली गनच्या तोंडाशी एकत्र आणतात आणि पत्र्यावर पडताच काही सेकंदांत ती घट्ट होतात. दोन-तीन मिलिमीटर जाडीचा, रबरासारखा, बिनजोड थर तयार होतो. दगड आदळला तरी तो चिरत नाही. आपल्याकडे अशी यंत्रे इमारतींच्या गच्च्या आणि पाण्याच्या टाक्या गळतीबंद करणाऱ्या ठेकेदारांकडे असतात.

गुण आहेत, तसे दोषही. एकदा चिकटलेले हे कवच काढणे अतिशय जिकिरीचे असते. आत गंज राहिला असेल तर तो दिसतही नाही. वजनाचा हिशेबही करावा. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर जाडी म्हणजे साधारण एक किलो. हौद्याची आतली बाजू सात चौरस मीटर धरली आणि थर तीन मिलिमीटरचा दिला, तर वीस-बावीस किलो वजन गाडीवर कायमचे वाढते. हे कवच नव्या किंवा पूर्ण बरा केलेल्या पत्र्यासाठी आहे. कुजक्या पत्र्यावर ते म्हणजे जखम न धुता बांधलेली पट्टी.

प्लॅस्टिकचा तयार हौदा. हा गाडीच्या मापाने साच्यात घडवलेला असतो आणि नुसता आत ठेवून अडकवतात. जुन्या गाडीच्या मापाचा सहसा मिळत नाही. दुसऱ्या गाडीचा कापून बसवला तर तो हलतो, खालचा रंग घासून काढतो आणि त्याच्याखाली पाणी व वाळू साचते. जुन्या पिकअपसाठी हा पर्याय सोडून द्यावा.

रबराचा पट्टा. दगडाच्या क्रशरवर गिट्टी वाहून नेणारा कन्व्हेअर बेल्ट वापरून उतरला की त्याचे तुकडे विकले जातात. कापडाचे थर असलेले हे जाड रबर हौद्याच्या तळाला अंथरले तर दगडाचा मार तेच सोसते. गिट्टी नेणाऱ्या गाडीसाठी यासारखा स्वस्त आणि दणकट उपाय दुसरा नाही. अट एकच. ते खिळ्यांनी ठोकू नये, आणि आठवड्यातून एकदा उचलून खालचा पत्रा झाडून कोरडा करावा. ओल्या रबराखालचा पत्रा नुसत्या रंगाच्या पत्र्यापेक्षा लवकर गंजतो.

लाकूड. पूर्वीच्या कितीतरी मालवाहू गाड्यांचा तळ फळ्यांचाच असे. फळी दणका शोषते, आणि एक खराब झाली तर तेवढीच बदलता येते. बुंदेलखंड हा अळशीचा मुलूख. उकळलेले अळशीचे तेल फळ्यांना पाजले की लाकूड पाणी कमी पिते. मात्र तेल पुसलेल्या चिंध्यांचा बोळा कोपऱ्यात टाकू नका. हे तेल वाळताना उष्णता सोडते आणि चुरगळलेल्या चिंध्या आपोआप पेट घेऊ शकतात. त्या पाण्यात बुडवा किंवा उघड्यावर सुट्या पसरून वाळवा. फळ्या आणि खालचे लोखंड यांच्यामध्ये हवा खेळेल अशी फटही ठेवा.

नक्षीचा पत्रा. पाय घसरू नये म्हणून उठावदार नक्षी असलेला लोखंडी किंवा ॲल्युमिनियमचा पत्रा दिसायला छान दिसतो. ॲल्युमिनियम थेट लोखंडावर ठेवले आणि मध्ये ओल आली की दोन धातूंत विजेचा सूक्ष्म प्रवाह सुरू होऊन झीज होते. म्हणून मध्ये रबराची पट्टी घालून आणि बोल्टने, काढता येईल असाच बसवावा.

एक सूचना डांबर आणि जळक्या इंजिन ऑइलबद्दल. तळाला आतून हे फासण्याची पद्धत जुनी आहे. गाडीखाली चासीला काळा बिटुमेनचा थर देणे ठीक, पण ज्या हौद्यात मटार, आले किंवा धान्य जाते तेथे जळके ऑइल वा डांबर लावू नये. त्याचा वास आणि अंश मालाला लागतो आणि तो माल शेवटी कोणाच्या तरी स्वयंपाकघरात जातो.

जुना रंग काढताना जपून

नव्या कवचाचे यश जुना रंग आणि गंज किती नीट काढला यावर असते. तारेचा ब्रश, ग्राइंडर, पॉलिशपेपर ही साधी हत्यारे. हलक्या तांबूस गंजावर फॉस्फरिक आम्लाचे गंजनाशक लावता येते. ते गंजाचे घट्ट थरात रूपांतर करते. पापुद्रे सुटणाऱ्या जाड गंजावर त्याचा इलाज चालत नाही.

जुन्या गाड्यांच्या रंगात शिसे असू शकते. ज्या शेंदराने आपण मारुतीला लेप देतो, तो पारंपरिक शेंदूर म्हणजे शिशाचाच एक प्रकार, आणि पूर्वी लोखंडी कामावर गंज रोखण्यासाठी तोच प्रायमर म्हणून लावत. भारतात घरगुती रंगांतल्या शिशावर नोव्हेंबर २०१७ पासून कडक मर्यादा आली. गाडीवरचे जुने थर त्याआधीचे. म्हणून कोरडे घासून धूळ उडवण्यापेक्षा पाणी लावून घासावे, मुलांना जवळ येऊ देऊ नये आणि निघालेला चिखल अंगणात वा विहिरीजवळ टाकू नये.

पत्रा स्वच्छ करण्याचा वेगवान उपाय म्हणजे कणांचा झोत मारणे. त्यासाठी साधी नदीची वाळू वापरू देऊ नका. वाळू फुटून जी सूक्ष्म धूळ उडते तिने फुप्फुसाचा सिलिकोसिस हा असाध्य आजार होतो. दगडखाणींच्या या मुलखात तो आजार अनोळखी नाही. त्याऐवजी तांब्याच्या भट्टीतली मळी किंवा पोलादाचे दाणे वापरतात.

कारागिराची छाती

आता ज्या गोष्टीकडे गाडीमालक सहसा पाहत नाहीत, ती सांगायला हवी. दोन डब्यांतला पीयू रंग आणि फवाऱ्याचे जाड कवच, दोन्हींच्या एका भागात आयसोसायनेट नावाची रसायने असतात. झाशीहून दक्षिणेला रेल्वेने काही तासांवर असलेल्या भोपाळमध्ये २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मध्यरात्री ज्या वायूने हजारो माणसे दगावली, तोही याच कुळातला. रंगात वापरली जाणारी संयुगे त्या वायूपेक्षा खूपच कमी उडणारी आहेत आणि वाळून घट्ट झालेल्या कवचापासून घरच्यांना भीती नाही. पण फवारताना त्यांचे धुके श्वासात गेले तर दमा जडू शकतो. आणि एकदा शरीराने त्याचा धसका घेतला की पुढे अगदी थोड्या वासानेही धाप लागते. रंगाऱ्याला मग ते काम कायमचे सोडावे लागते.

गॅरेजमध्ये हे काम बहुधा सर्वांत लहान वयाच्या पोऱ्याकडे असते आणि त्याच्या नाकावर असतो फक्त रुमाल. रुमाल या धुक्याला अडवत नाही. बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारा मुखवटा असेल तेथेच फवाऱ्याचे काम द्यावे. तो नसेल तर ब्रशने किंवा रोलरने लावायचे कवच निवडावे. त्यात धुके उडत नाही. मोकळ्या हवेत, हातमोजे घालून काम झाले तर धोका बराच कमी होतो. आपल्या गाडीचे आयुष्य वाढवताना दुसऱ्याच्या मुलाचे कमी होऊ नये, एवढी काळजी पैसे देणाऱ्याने घ्यायला हवी. तो मागेल तरच गॅरेजवाला देईल.

मुहूर्त कोणता?

हवा हा अर्धा कारागीर. पावसाळ्यात हे काम काढू नये. मे-जूनच्या दुपारी पत्रा हात लावता येणार नाही इतका तापतो, रंग पसरण्याआधीच सुकतो आणि लूबरोबर आलेली धूळ त्यात बसते. ऐन थंडीत, डिसेंबरअखेर ते जानेवारीत, धुके आणि दव असते, शिवाय दहा अंशांखाली इपॉक्सी फार हळू घट्ट होते. म्हणजे झाशीसाठी दिवाळीच्या सुमारापासून डिसेंबरच्या मध्यापर्यंतचा आणि नंतर फेब्रुवारी-मार्चचा काळ चांगला. सकाळचे दव पूर्ण उडाल्यावर काम सुरू करावे आणि उघडा केलेला पत्रा त्याच दिवशी प्रायमरखाली जावा. रात्रभर उघडा राहिलेला पत्रा सकाळी पुन्हा घासावा लागतो. कवच हाताला सुकले म्हणून लगेच माल भरू नये. डब्यावर लिहिलेली मुदत पाळावी, ती नसेल तर आठवडाभर गाडी रिकामीच ठेवावी.

पैसे देण्यापूर्वी विचारा

• पत्रा साफ झाल्यावर आणि प्रायमर देण्याआधी मला दाखवाल का? त्या अवस्थेचे फोटो काढून ठेवा.

• प्रायमर कोणता? त्यावर हे कवच चालते, असे डब्यावर लिहिलेले आहे का?

• सांध्यांत सीलर भरणार का? पाण्याची भोके मोकळी राहतील ना?

• थर किती, एकूण जाडी किती आणि दोन थरांमध्ये किती तास?

• उद्या खरचटले तर तेवढीच जागा दुरुस्त होईल का, आणि कोण करील?

• फवारणाऱ्याकडे हवेचा मुखवटा आहे का?

या प्रश्नांना सरळ उत्तरे देणारा मिस्त्री चार पैसे जास्त मागत असला तरी तो स्वस्त पडतो.

कोणासाठी काय?

गिट्टी-वाळू नेणाऱ्यांनी बरा केलेला पत्रा, इपॉक्सी-पीयूचा पाया आणि वर उचलता येणारा रबराचा पट्टा ठेवावा. पत्रा संपूर्ण नवा घातला असेल आणि शहरात सुरक्षितपणे फवारणारे मिळत असतील तर पॉलियुरियाचा विचार करावा. मंडईचा माल आणि मिश्र भाडी करणाऱ्यांनी ब्रशचे किंवा रोलरचे खरखरीत कवच निवडावे. खत नेणाऱ्यांनी कवच कोणतेही घेतले तरी खाली ताडपत्री अंथरावी आणि खेप संपताच हौदा धुवावा. एवढे केले तरी निम्मे काम होते. घरगुती वापराच्या गाडीला चांगला रंग पुरेसा आहे. आणि ज्यांची गाडी आता आठवण म्हणून ठेवायची आहे, त्यांनी ती मूळ रूपातच ठेवावी.

हाताशी पैसा मर्यादित असेल तर तो आधी वेल्डिंग आणि साफसफाईवर खर्च करा, उरेल त्यातून कवच घ्या. बाजारातले सर्वांत महाग कवचही गंजलेल्या पत्र्याला वाचवू शकत नाही. आणि नीट तयार केलेल्या पत्र्यावर दिलेला साधा रंगसुद्धा दर दिवाळीला एक हात दिला, की वर्षानुवर्षे साथ देतो.